दारातून न जाणारी गादी

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपून वाड्या सुरू होतात तिथे, एक गवताची वखार होती. पत्र्याचं उंच छप्पर, विटांच्या भिंती आणि भरलेली बैलगाडी सरळ आत शिरेल एवढं दार. एके काळी या पट्ट्यातलं गवत इथे दाबून त्याच्या गाठी बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. पुढे तो धंदा बसला, वखारीत वटवाघळं राहायला आली, आणि मग गावच्या व्यायाम मंडळाने ती मागून घेतली. मंडळाने पहिलं काम काय केलं, तर चोरीच्या भीतीने ते मोठं दार विटांनी बुजवलं आणि मधे माणसापुरतं दार ठेवलं. आत उड्या मारायचा एक लाकडी घोडा आणि दोन मुद्गल सोडले तर चोरण्यासारखं काही नव्हतं. पण दार झालं, दारावर पाटी आली, पाटीवर अध्यक्षांचं नाव आलं. मंडळं अशीच सुरू होतात. ते दार मात्र लक्षात ठेवा. पुढे त्याने मोठं काम केलं.

या वखारीत मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायची ती पुष्पलता चुरी. हायस्कूलची पी.टी.ची बाई. वाडीवाल्याची मुलगी, वडील गेलेले, घरी ती आणि तिची आई, माई. पुण्याला शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरात जेवढं शिकली तेवढं शिकली, बाकीचं पडून-धडपडून. राग नाकाच्या शेंड्यावर. शिट्टी तोंडात नसली की तोंडात शब्द असायचे, आणि शब्दांपेक्षा शिट्टी बरी असं मुली म्हणायच्या. मुलींनी हाफपँट घालायची म्हटल्यावर वाडीतल्या आया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आदिवासी पाड्यावरच्या आयांनी एक शब्द काढला नाही. त्या स्वतः कासोटा मारून रानात काम करायच्या. हाफपँट त्यांना काय नवी होती? म्हणून वखारीत पाड्यावरच्या मुली जास्त झाल्या, आणि त्याबद्दलही गावात बोललं गेलं. पुष्पलताने ते ऐकून घेतलं नाही. ऐकून घ्यायची तिला सवयच नव्हती.

त्या मुलींत चिमी होती. बुधी आणि जिवल्याची पोर, अकरा-बारा वर्षांची, काटकीसारखी. भाताच्या बांधावरून उड्या मारत शाळेत यायची ती पुष्पलताने रस्त्यावरून पाहिली आणि सायकल तिथेच टाकून तिच्यामागे धावली. पोर भ्यायली, अजून जोरात पळाली. पुढे कितीतरी दिवस चिमी हे हसत सांगायची, की बाई माझ्यामागे धावली आणि मला धरता आलं नाही.

वखारीत घोड्यापलीकडे काथ्याच्या गाद्या अंथरलेल्या असत. वर्गणीतून केलेल्या, जाड, टोचऱ्या, पण भरघोस. उडी मारून मुलगी त्यांवर उतरायची. आता आपल्याकडची रीत अशी, की ज्याच्याकडे गादी, त्याने ती लग्नाला द्यायची. भांडी गावकीची, सतरंज्या देवळाच्या आणि गाद्या मंडळाच्या. लग्नाला वस्तू मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर त्या घरी पुढे तुमच्या लग्नाला कोण येणार? पुष्पलता कुणालाही तोंडावर बोलायची, पण गादी मागायला कुणी आलं, की तीसुद्धा कुरकुरत का होईना, मुलींना हाक मारून गाद्या बाहेर काढायला लावायची. हे तिचं एकटीचं चुकलं असं म्हणू नका. गावात त्याला चूक म्हणतच नव्हते.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात अध्यक्ष कृष्णकांत राऊतांच्या मुलीचं लग्न झालं. गाद्या गेल्या टेम्पोतून आणि परत आल्या आठवड्याने, बैलगाडीतून, वर हळदीचे आणि पानाचे डाग घेऊन. पुष्पलताने शिव्या घातल्या, गाद्या झोडल्या, उन्हात टाकल्या आणि पुन्हा अंथरल्या. एक गोष्ट तिने पाहिली नाही. एका गादीवर मांडवात तेलाचं पिंप ठेवलं होतं. पिंपाखालचा काथ्या दोन्ही अंगांना सरकला होता आणि मधे वरचं कापड आणि खालचं कापड एवढंच उरलं होतं. वरून गादी दिसत होती. खाली कोबा होता.

चिमी धावत आली, घोड्याआधीच्या उसळत्या फळीवर पाय दिला, घोड्यावरून गेली आणि नेमकी तिथे उतरली.

वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

घोट्याचं हाड होतं. प्लास्टर घातलं. बुधी लावणीसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायच्या कामावर होती, ती तशीच काळ्या हातांनी आली. ती ओरडली नाही. तिने वखारीत येऊन गादीवर हात ठेवला, तो हात सरकवत सरकवत मधे नेला आणि थांबवला. पाड्यावर कुणाला अहोजाहो करायची रीत नाही, बुधी पुष्पलताला तूच म्हणायची.

"बाय, तू मला सांगलंस, खाली गादी हाय. गादी कुठं हाय?"

पुष्पलताने तिच्या हाताशेजारी आपला हात दाबून पाहिला, आणि हाताला कोबा लागला.

बुधीने पुढे जे सांगितलं ते अगदी सरळ होतं. पोरीचा पाय जुळेल. भात कापून झालं, की घर बंद करून नेहमीप्रमाणे सगळे वीटभट्टीवर जाणार. यंदा चिमीला मागे ठेवायचा विचार होता, कारण बाई म्हणाली होती, की ही पोर खेळेल, शाळा शिकेल. आता चिमीही भट्टीवर येईल. विटा उचलताना पाय मोडला तर निदान आई जवळ असेल. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. भट्टीवर कामाला लागलेली पोर पुन्हा शाळेच्या पटावर येत नाही, हे पुष्पलताला माहीत होतं. दर वर्षी दिवाळीनंतर तिच्या वर्गातले बाक असेच रिकामे व्हायचे.

म्हणजे तिच्या हातात पावसाळा होता. भात कापून होईपर्यंत वखारीत अशी गादी यायला हवी होती, की जिच्यावर बुधीचा विश्वास बसेल.

आधी ती कृष्णकांतभाऊंशी भांडली. भाऊ म्हणाले, लग्नाला दिलेल्या वस्तूला असं नाव ठेवू नये, अपशकुन होतो. ती म्हणाली, शकुन तुमच्या घरी झाला, अपशकुन पोरीच्या पायाला झाला. माणूस वाईट नव्हता, पण अध्यक्ष होता. महिन्याभरात भाऊंनी स्वतःहून फिरून बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फोमच्या कारखान्याच्या मालकाला गाठलं आणि मंडळाला नव्या गाद्या देणगी म्हणून मिळवल्या. लाल रेक्झिनच्या, वीतभर जाड, आणि इतक्या मऊ, की बोट ठेवलं तर बोट नाहीसं व्हावं. समारंभ ठरला. वखारीपुढे मांडव, हार, नारळ. कारखान्याचे मॅनेजर आले, शाळेचे मुख्याध्यापक आले. भाऊंनी मुद्दाम निरोप पाठवला म्हणून बुधीही आली आणि दाराशी उभी राहिली, तिच्याबरोबर लंगडत चिमी.

प्रत्येकाने गादीत मूठ दाबून पाहिली. किती मऊ, किती मऊ, असं सगळे म्हणत होते. एक म्हातारे काका तर जाऊन बसले आणि उठेनात. म्हणाले, इथेच डोळा लागेल.

पुष्पलता शाळेतून गोळाफेकीचा लोखंडी गोळा घेऊन आली होती. रीत म्हणून तिने नारळ फुटेपर्यंत धीर धरला. मग गोळा डोक्याच्या वर धरला आणि लाल गादीवर सोडला. गादीने तो गिळला, आणि खालून कोबा बोलला. ठक्. मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

मग ती चप्पल काढून गादीवर चढली आणि एका पायावर उभी राहिली. पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि एका अंगाला कलला. ती डगमगली, पडता पडता सावरली. रेक्झिनवर घामाचा तळवा सरकला तो वेगळाच.

"ही गादी झोपायची आहे," ती म्हणाली. "झोपायची असेल त्याने घरी न्यावी. माझी मुलगी यावर उतरणार नाही."

भाऊंचा चेहरा पडला. मॅनेजरने विचारलं, की बाईंना नक्की हवंय तरी काय. आणि इथे पुष्पलताची पंचाईत झाली, कारण काय नको ते तिला कळलं होतं, काय हवं ते कळलं नव्हतं. म्हणून ती आणखी चिडली आणि मॅनेजरला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मांडव मोडला. हार तसेच राहिले. बुधी चिमीचा हात धरून निघून गेली. जाताना तिने एकदा मागे वळून त्या लोखंडी गोळ्याकडे पाहिलं, एवढं मात्र पुष्पलताच्या ध्यानात राहिलं.

माई त्या संध्याकाळी म्हणाली, "पुष्पे, माणसं देतात ते घ्यावं गं. सगळ्यांशी भांडून तू एकटी त्या वखारीत काय वटवाघळांना शिकवणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी पुष्पलता सायकल मारत कारखान्यात गेली. मालकाला म्हणाली, माफी मागायला आलेली नाही, गादी मागायला आले आहे. मालक तिच्याकडे बघतच राहिला. तिने त्याला समजावून सांगितलं, की तुमच्या नावाच्या गादीवर आणखी एका पोरीचा पाय मोडला, तर पेपरात तुमचं नाव येईल आणि ते द्यायला मीच जाईन. तेव्हा तयार गादी देऊ नका, मला तुमच्या गोदामात मोकळी सोडा. मालक धंदेवाला होता, धमकी आणि सौदा यांतला फरक त्याला कळत होता, आणि यात दोन्ही होतं. तो हसला आणि त्याने रामआसरेला बोलावलं.

रामआसरे म्हणजे फोम कापणारा आणि शिवणारा कारागीर. उत्तर प्रदेशातून आलेला, पान खाणारा, तोंडाने फटकळ. जिम्नॅस्टिक्स म्हणजे काय हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. बाई रोज शाळा सुटल्यावर येते, पदर खोचते, स्टुलावर चढते आणि त्याने कापलेल्या फोमवर उड्या मारते, एवढंच त्याला दिसायचं. मशीनवरचे कामगार मान वर करून बघायचे. कुणी टाळी वाजवली, तर पुष्पलता त्याला पुढे बोलावून उडी मारायला लावायची. मग टाळ्या बंद झाल्या.

गोदामात फोमचे प्रकार होते. एक तो मऊ, लाल गादीतला. दुसरा जरा ताठ. आणि तिसरा म्हणजे कापून उरलेले रंगीबेरंगी तुकडे डिंकासारख्या कशाने तरी दाबून केलेला, लादीसारखा जड आणि चिवट. पुष्पलताने सगळ्यांत आधी ते केलं, जे आपण कोणीही केलं असतं. खाली कडक घेतला आणि वर मऊ. घरोघरी असंच करतात, खाली काथ्या, वर कापूस. गोळा टाकला, कोबा बोलला नाही. ती खूश झाली. मग स्टुलावरून उडी मारली आणि घोटा असा मुरगळला, की आठवडाभर लंगडली.

रामआसरे पान चघळत म्हणाला, "बहनजी, पहले ये तय कर लो, सोना है कि कूदना है."

तो टोमणाच होता. त्याला घरी जायचं होतं. पण पुष्पलता सुजलेला पाय चोळत तिथेच बसून राहिली. तिला कळलं, की आपण सगळे, भाऊ, मुख्याध्यापक, ते म्हातारे काका आणि आपण स्वतःसुद्धा, गादी म्हटलं की पाठ टेकायचीच गोष्ट मनात आणतो. पाठ आडवी येते, सावकाश येते आणि गादीला म्हणते, मला आत घे. उडी मारणाऱ्याचा पाय उभा येतो, वेगाने येतो. त्याला आत घेतलं तर तो वळतो. त्याला वर उभं राहायला जागा हवी आणि खाली धक्का खायला कोणीतरी हवं. तिला शिबिरातली एक फाटलेली गादी आठवली. पुण्याला ती शिवायला काढली होती आणि तिने गंमत म्हणून कोपरापर्यंत हात आत घातला होता. वर ताठ लागलं होतं, आत मऊ. तेव्हा तिला वाटलं होतं, उलटी शिवली बिचाऱ्यांनी.

मग थर ठरले. सगळ्यांत खाली तुकड्यांचा दाबलेला, म्हणजे कोबा वर येणार नाही. मधे भरपूर जाड मऊ, म्हणजे धक्का तो खाईल. आणि वर पुन्हा दाबलेल्याचाच पातळ थर, म्हणजे पाय पसरून उभा राहील. पुष्पलताने उडी मारली आणि जिथे उतरली तिथे उभी राहिली. रामआसरेने पान थुंकून दुसऱ्यांदा मारायला सांगितली. ती पुन्हा उभी राहिली. मग तो स्वतः स्टुलावर चढला.

कापडावरूनही भांडण झालं. रेक्झिन दिसायला चकचकीत, पुसायला सोपं. पण आपल्याकडच्या दमट हवेत अनवाणी, घामाच्या पायांनी त्यावर उतरायचं म्हणजे साबणावर उतरायचं. पुष्पलताने ट्रकवर घालतात ते जाड कॅनव्हास निवडलं. त्यात फोम शिवून बंद केला, तर नवंच सुरू झालं. आतली हवा जाईना. उडी मारली, की गादी भाकरीसारखी फुगायची आणि माणसाला परत वर उडवायची. हवेला वाट हवी होती, पण भोकं पाडली तर कापड फाटत जाणार. लोखंडी कड्या बसवल्या तर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून त्यांच्या धारा होणार.

यावर उपाय तिला किनाऱ्यावरच्या मुरबे गावात सापडला, म्हणजे तिने तो जाऊन आणला. भगवंत तांडेल या कोळीदादांची मुलगी तिच्या वर्गात होती. ते नायलॉनचं जाळं दुरुस्त करत बसले होते. पुष्पलताने बारीक डोळ्यांच्या जाळ्याच्या लांब पट्ट्या मागितल्या.

"बाय, जाल्यात मासली धरतात. तू काय धरनार?"

"काही धरायचं नाही, दादा. वारा सोडायचाय."

भगवंतदादा खूप हसले. मग त्यांनी नाखव्याच्या ऐटीने एक जुनं जाळं ओढून काढलं, धड भाग निवडून कापून दिला आणि बजावलं, की चांगलं धुवून घे, नाहीतर तुझ्या पोरींना बोंबलाचा वास येईल. पुष्पलताने ते तीनदा धुतलं. वास आलाच. गादीच्या चारही बाजूंना त्या पट्ट्या शिवल्या. उडी पडली, की जाळ्यातून फुस्स करून हवा बाहेर यायची आणि वखारभर समुद्र यायचा.

आता राहिला तो सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि तो फोमचा नव्हता. नवी गादी होणार हे गावात पसरलं होतं. तुळशीचं लग्न झालं, की कृष्णकांतभाऊंच्या पुतण्याचं, प्रतापचं लग्न होतं. भाऊ पुष्पलताशी बोलत नव्हते, पण त्यांनी माईकडे निरोप ठेवलाच, की वऱ्हाडासाठी मंडळाच्या गाद्या लागतील. माई म्हणाली, लग्नाला नाही म्हणायचं नसतं. आणि पुष्पलताला, त्या भांडखोर बाईला, खरोखर नाही म्हणता येईना. मॅनेजरला शिवी देणं सोपं होतं. लग्नाला नाही म्हणणं म्हणजे गावाला नाही म्हणणं. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वखारीत शिरताना तिचं डोकं चौकटीवर आपटलं, कारण ती विचारात होती. तिने कपाळ चोळत वर पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग खिडक्यांचे गज पाहिले. आणि एकटीच हसली.

तिने रामआसरेला सांगितलं, की थर सुटे सुटे वखारीत आणायचे आणि शिवण वखारीतच घालायची. सुट्या गाद्या नकोत, एकच सलग. म्हणजे दोन गाद्यांमधल्या फटीत पाय जायचा प्रश्नच मिटला. लांबी-रुंदी तिने स्वतः दाराला टेप लावून ठरवली. रामआसरे मोठी सुई आणि मेण लावलेली सुतळी घेऊन तीन दिवस गादीवर बसून शिवत होता आणि मधूनमधून दाराकडे बघून मान हलवत होता.

प्रतापच्या लग्नाआधी भाऊंची माणसं टेम्पो घेऊन आली. भाऊ स्वतः आले होते, कारण बाई काहीतरी वाकडं बोलणार याची त्यांना खात्री होती. चिमीही तिथेच होती. पाय जुळल्यापासून ती रोज येऊन खिडकीच्या गजांशी बसायची. आत यायची नाही. आणि तिला न्यायला बुधी आली होती. भट्टीचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, गाठोडी बांधून झाली होती.

पुष्पलता एक शब्दही वाकडा बोलली नाही. म्हणाली, "न्या ना भाऊ. लग्नाला नाही कसं म्हणू?"

माणसांनी गादी उचलली. आडवी नेली, अडली. उभी केली, ती चौकटीच्या वर गेली. तिरकी केली, वाकवायला गेले, तर दाबलेला फोम वाकेना. एकाने खिडकी सुचवली. दुसऱ्याने त्याला गज दाखवले. माणसं घामाघूम झाली, गादीतून फुस्स फुस्स हवा आणि बोंबलाचा वास येत राहिला. एक गडी म्हणाला, हिच्यावर वऱ्हाड बसलं तर नवरीकडचे म्हणतील कोळीवाड्यात उतरवलं.

भाऊ शेवटी चिडून म्हणाले, की गवंडी बोलवा, चौकट काढा, लग्न झालं की पुन्हा बसवू.

"काढा," पुष्पलता म्हणाली. "चौकट निघाली की वरची पाटीही निघेल, भाऊ. तेवढी आधी उतरवून ठेवा."

सगळ्यांनी वर पाहिलं. भाऊंनीही पाहिलं, स्वतःच्याच नावाकडे. मग त्यांनी पुष्पलताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं एकदम कळलं. हे दार त्यांनीच बुजवलं होतं. मग त्यांच्या तोंडून हसूच फुटलं.

"चुरीची पोर," ते म्हणाले. "मापं घेऊन नाही म्हणालीस."

माणसांना त्यांनी गादी खाली ठेवायला सांगितली आणि सतरंज्यांसाठी देवळाकडे पाठवलं. त्या दिवसापासून ते पुन्हा पुष्पलताशी बोलायला लागले.

टेम्पो गेला. बुधी अजून दारात उभी होती. ती आत आली. मे महिन्यात ठेवला होता तसाच तिने गादीवर हात ठेवला आणि कडेपासून कडेपर्यंत चालत सगळी गादी चाचपली. मग खिडकीशी बसलेल्या चिमीकडे पाहिलं.

"मागच्या येळेला भाऊच्या पोरीच्या लग्नाला गेली, आन् माज्या पोरीचा पाय मोडला," ती म्हणाली. "आज भाऊ सोता आला तरी नाय गेली. म्हंजे ही पोरींचीच हाय."

पुष्पलता काही बोलणार, तेवढ्यात बुधीने लुगडं खोचलं आणि ती लाकडी घोड्यावर चढू लागली. पुष्पलताने तिला आवरलं, की असं नसतं, आधी शिकावं लागतं. बुधीने ऐकलं नाही. आयुष्यभर ताडावर चढणाऱ्या नवऱ्याची बायको ती, तिला उंचीचं काय. घोड्यावर उभी राहून तिने खाली पाहिलं, श्वास घेतला आणि उडी मारली. दोन्ही पाय गादीवर आले, गादीने फुस्स केलं, आणि बुधी उभी होती. जिथे उतरली तिथेच, सरळ.

चिमी गजांपलीकडून खदखदून हसली. बुधीने तिच्याकडे वळून पाहिलं, पुन्हा घोड्यावर चढली आणि दुसरी उडी मारली. यावेळी तिलाही हसू आवरलं नाही. मग लेकीला म्हणाली, "ये. बाहेर काय बसली हायस."

दुसऱ्या दिवशी भट्टीचा ट्रक चिमीला न घेता गेला. चिमी माईकडे राहिली. पहिले काही दिवस माईने तिला वेगळी ताटली दिली. मग एका दुपारी पुष्पलताने ती ताटली स्वतःपुढे ओढून तिच्यात जेवायला सुरुवात केली, आणि त्या घरात तो विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी चिमी जिल्ह्याच्या स्पर्धेला ठाण्याला गेली. नंबर आला नाही. पण प्रत्येक उडीला दोन्ही पायांवर उतरली, आणि ते बघणाऱ्यांच्या ध्यानात आलं.

ती गादी नंतर कितीतरी वर्षं वखारीत होती. कॅनव्हास दोनदा बदललं, जाळ्याच्या पट्ट्या मुरब्याहून पुन्हा आल्या. खालची धूळ काढायची तर सगळ्या मुलींना मिळून एक बाजू उचलावी लागे, आणि झाडणाऱ्या मुलीला उरलेल्या सगळ्या चिडवत, की आता सोडतो, आता सोडतो. लग्नाला ती कुणी मागितली नाही. आसपासच्या शाळांतल्या शिक्षिका येऊन तिचे थर विचारून जात, आणि पुष्पलता त्यांना आधी दाराचं माप विचारी.

आणि दर वर्षी पावसाच्या तोंडावर पाड्यावरची माणसं भट्टीवरून परतायची, तेव्हा ट्रक वखारीपुढे थांबायचा. बुधी उतरायची, विटांच्या धुळीने लाल झालेली, डोक्यावर गाठोडं. लेकीला भेटण्याआधी ती गाठोडं दाराशी ठेवायची, घोड्यावर चढायची आणि एक उडी मारून बघायची. गादी अजून पोरींचीच आहे ना, एवढं तिला पाहायचं असे. पाय टेकून सरळ उभी राहिली, की मग म्हणायची, चिमी कुठं हाय.